पाच मैलांतील घर

पर्यावरण हा विषय आता शाळाशाळांतून शिकविला जातो. झाडे लावावीत, पाणी जपून वापरावे, प्लॅस्टिक टाळावे ही उत्तरे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. परंतु ज्या वर्गात बसून ही उत्तरे लिहिली जातात त्या वर्गाच्या भिंती उभ्या करताना किती कोळसा जळला, किती डोंगर फुटला आणि नदीच्या पात्रातून किती वाळू उपसली गेली, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत सहसा येत नाही. वास्तविक घर ही माणसाने आयुष्यात घेतलेली सर्वांत मोठी वस्तू असते. ती बनविताना जो खर्च होतो तो केवळ रुपयांचा नसतो, उष्णतेचा आणि पदार्थांचाही असतो.

हा दुसरा खर्च आपल्या कागदावरच्या प्रत्येक रेघेबरोबर मोजणारा एक वास्तुशिल्पी विसाव्या शतकात आपल्या देशात काम करून गेला. त्याचे नाव लॉरेन्स विल्फ्रेड बेकर. लोक त्यांना लॉरी बेकर म्हणत. जन्माने ते इंग्रज आणि कर्माने पुरते भारतीय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कायद्यानेही भारताचे नागरिकत्व पत्करले. त्यांच्या कामाचा इतिहास शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे, कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक युक्तीमागे आठवी ते दहावीच्या विज्ञानातील आणि भूमितीतील एखादे साधे तत्त्व उभे आहे.

कापडी बूट आणि एक सल्ला

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुकलेचे शिक्षण त्यांनी त्याच शहरात पूर्ण केले. तरुणपणी ते क्वेकर पंथाकडे ओढले गेले. साधी राहणी आणि युद्धाला नकार ही या पंथाची दोन ठळक तत्त्वे. त्यामुळे दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेकर यांनी बंदूक हाती घेतली नाही. ते क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकात दाखल झाले आणि चीनमध्ये जखमींची व पुढे कुष्ठरुग्णांची सेवा करू लागले.

१९४४ साली मायदेशी परतण्यासाठी ते मुंबईत आले. युद्धकाळात बोट मिळणे सोपे नव्हते. सुमारे तीन महिने त्यांना मुंबईत थांबावे लागले. याच काळात गांधीजींशी त्यांची भेट झाली. बेकर यांच्या पायात त्या वेळी चिंध्या जोडून शिवलेले कापडी बूट होते. ही कला ते चीनमध्ये शिकले होते. टाकाऊ कापडाचे हे बूट गांधीजींच्या नजरेतून सुटले नाहीत आणि बोलणे सुरू झाले. पुढे या तरुणाचा व्यवसाय कळल्यावर गांधीजींनी त्याला दोन गोष्टी सुचविल्या. एक, भारतातील खेड्यांना तुझ्या ज्ञानाची गरज आहे. दुसरी अशी, की आदर्श खेड्यातील आदर्श घर हे त्या घरापासून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातूनच बांधलेले असावे.

गांधीजींनी हा विचार नुसता बोलून दाखविला नव्हता. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे त्यांच्यासाठी उभारलेली कुटी माती, बांबू, लाकूड आणि कौले यांचीच आहे. परंतु पोलाद, काच आणि काँक्रीट यांच्या युगात शिकलेल्या बेकर यांना हा सल्ला तेव्हा फारच आदर्शवादी वाटला. त्यातील शहाणपण पुरते पटायला पुढील अनेक वर्षे जावी लागली, असे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. आपणही येथे घाई न करता ते कसे पटत गेले हे पाहू.

डोंगराने दिलेले धडे

१९४५ साली बेकर भारतात परत आले ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुशिल्पी म्हणून. कुष्ठरोगावर नवी औषधे येऊ लागली होती. रुग्णांना आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्या जुन्या वसाहतींचे रूपांतर आता रुग्णालयांत करावयाचे होते. उत्तर प्रदेशातील फैजाबाद हे त्यांचे मुख्य ठिकाण होते. तेथे आल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बर्मिंगहॅमला जे शिकलो त्यातले बरेचसे येथे निरुपयोगी आहे. वाळवी काय करते, पावसाळा काय करतो, चिखल, जांभा दगड आणि शेण यांचे बांधकाम कसे करावे, हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. ते गावच्या गवंड्याला आणि सुताराला मात्र ठाऊक होते.

१९४८ साली केरळमधील डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतिपत्नी हिमालयातील पिठोरागड येथे गेली आणि सुमारे सोळा वर्षे तेथेच राहिली. एलिझाबेथ रुग्ण तपासत आणि बेकर बांधकामापासून पडेल ते सारे काम करीत. तेथील डोंगरी घरे पाहताना त्यांना जाणवले की प्रत्येक तपशिलामागे कारण आहे. दगड तेथलाच, लाकूड तेथलेच, छपरावरचे पाथर तेथलेच. घर उतारावर असे बसविलेले की डोंगर कापावा लागू नये. ही घरे कोणा एका हुशार माणसाने रचलेली नव्हती. पिढ्यान् पिढ्या केलेल्या प्रयोगांतून, चुकलेले सोडून आणि टिकलेले ठेवून ती घडली होती. वैज्ञानिक पद्धतीत आपण याहून वेगळे काय करतो? फरक एवढाच की तेथे नोंदवही ठेवलेली नव्हती.

१९६३ साली बेकर कुटुंब केरळमधील वागमण येथील डोंगराळ भागात गेले आणि १९७०च्या सुमारास तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. तेव्हा बेकर यांचे वय पन्नाशीपुढे गेले होते. ज्या कामासाठी ते आज ओळखले जातात त्यातील बहुतेक काम या वयानंतरचे आहे.

विटांची भिंत, पण पोकळ

काळ अनुकूल होता. केरळचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांना गरिबांच्या घरांचा प्रश्न मनापासून सोडवावयाचा होता. अर्थतज्ज्ञ के. एन. राज तिरुवनंतपुरमजवळ उळ्ळूर येथे विकास अध्ययन केंद्र उभारीत होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस या केंद्राच्या इमारतींचे काम त्यांनी बेकर यांच्याकडे सोपविले. सुमारे दहा एकरांच्या उतारावरील या परिसरात बेकर यांनी आपल्या बहुतेक साऱ्या कल्पना प्रत्यक्षात आणल्या.

त्यातील सर्वांत प्रसिद्ध कल्पना म्हणजे भिंत बांधण्याची 'रॅट-ट्रॅप' पद्धत, म्हणजेच उंदराच्या पिंजऱ्यासारखी रचना. ही पद्धत बेकर यांनी शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये ती जुनीच होती. ती उचलून येथल्या हवामानाला आणि येथल्या विटेला लावली हे श्रेय मात्र त्यांचे. नेहमीच्या भिंतीत वीट तिच्या रुंद बाजूवर आडवी ठेवतात. येथे ती लांब धारेवर उभी ठेवावयाची. भिंतीच्या दोन बाजूंना दोन उभ्या विटा, मध्ये मोकळी जागा, आणि प्रत्येक जोडीनंतर भिंतीच्या आरपार जाणारी एक आडवी वीट, अशी ही रचना असते.

यातील बचत वर्गातच काढता येईल. हिशेब सोपा व्हावा म्हणून वीट ९ इंच लांब, ४.५ इंच रुंद आणि ३ इंच जाड धरू आणि दरजा तूर्त बाजूला ठेवू. भिंतीची जाडी ९ इंच आहे. दोन उभ्या विटांनी ३ अधिक ३, म्हणजे ६ इंच व्यापले. मध्ये ३ इंच उरले. ही पोकळी ९ इंच लांब, ३ इंच रुंद आणि ४.५ इंच उंच आहे. म्हणजे नेमकी एका विटेएवढी! जेथे भरीव भिंतीला चार विटा लागल्या असत्या तेथे तीन पुरल्या. एक चतुर्थांश विटा वाचल्या, म्हणजे त्या भाजण्यासाठी लागणारे इंधनही तेवढेच वाचले. काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्या घेऊन विद्यार्थी ही भिंत टेबलावर उभी करू शकतील.

फायदा एवढ्यावर संपत नाही. स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. भाजलेल्या विटेतून जेवढी उष्णता वाहते त्या मानाने स्थिर हवेतून फारच थोडी वाहते. त्यामुळे अशा भिंतीच्या खोलीत दुपारचा ताप कमी पोहोचतो. येथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. पोकळीतील हवा पूर्णपणे स्थिर राहत नाही. तीत अभिसरण होते, प्रारणानेही उष्णता ओलांडते, आणि आरपार गेलेल्या विटा तर सरळ पूलच असतात. म्हणून ही भिंत आदर्श निरोधक नव्हे. भरीव भिंतीपेक्षा ती बरी, इतकेच म्हणावे. उष्णतासंक्रमणाचे तिन्ही प्रकार एकाच भिंतीत दाखविता येतील असे हे उदाहरण आहे.

छपरातील आळशी काँक्रीट

आता वर पाहू. सपाट स्लॅबवर भार आला की तो किंचित वाकतो. वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खोडरबराच्या कडेवर शाईने उभ्या समांतर रेघा ओढून ते दोन्ही टोकांना धरून खाली वाकविले, तर वरच्या अंगाला रेघा जवळ येतात आणि खालच्या अंगाला फाकतात. स्लॅबमध्ये नेमके हेच घडते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने साधारण दहावा हिस्साच असते. म्हणून स्लॅबच्या खालच्या बाजूला लोखंडी सळया घालतात. ताण त्या घेतात. मग सळयांच्या अवतीभोवतीचे काँक्रीट काय करते? ते सळयांना धरून ठेवते, गंजण्यापासून वाचवते, परंतु भार उचलण्याच्या कामी त्यातले बरेचसे आळशीच असते. बेकर यांचे म्हणणे असे, की या आळशी भागातील काही काँक्रीट काढून त्या जागी एखादी हलकी आणि स्वस्त वस्तू का घालू नये? त्यांनी घातली ती मंगलोरी कौले, बहुतेक वेळा जुनी व टाकाऊ. दोन कौले एकावर एक ठेवली की मध्ये हवेचा पदर राहतो, त्यामुळे ऊनही कमी उतरते. सळयांची जाळी कौलांच्या मधल्या पट्ट्यांतून जाते.

मंगलोरी कौलांचाही एक इतिहास आहे. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना घातला आणि ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कोकणातील घरांवर ती आजही दिसतात. स्लॅबचे युग आले तेव्हा ती ढिगाने उतरविली गेली. बेकर यांनी त्याच उतरविलेल्या कौलांना स्लॅबच्या पोटात जागा दिली.

येथेही सावधगिरी हवी. कौले कोठे घालावयाची आणि कोठे नाही हे हिशेबानेच ठरते. आधारभिंतीजवळच्या भागात भरीव काँक्रीटच लागते. 'बेकर पद्धत' म्हणून कोणीही कौले कशीही घालावीत असा याचा अर्थ नाही.

चुना आणि सिमेंट

बेकर यांना सिमेंटचे वावडे नव्हते. ते जेथे अटळ आहे तेथे त्यांनी वापरले. पण दरजा भरण्यासाठी चुना चालत असेल तर सिमेंट कशाला, असे ते विचारीत. केरळच्या खाड्यांत शिंपले विपुल. त्यांचा चुना तेथेच छोट्या भट्ट्यांत भाजला जाई.

शिंपले काय आणि चुनखडी काय, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचे कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होते. रेणुभाराच्या हिशेबाने १०० ग्रॅम कार्बोनेटमधून ५६ ग्रॅम ऑक्साइड उरते आणि ४४ ग्रॅम वायू हवेत जातो. चुन्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान पुरते. सिमेंटच्या भट्टीत मात्र सुमारे १४५० अंश लागतात. शिवाय चुना भिंतीत गेल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून हळूहळू कार्बोनेट होतो, म्हणजे दगडच बनतो. चुन्याच्या निवळीवर हवेत ठेवल्यास जी पांढरी साय धरते ती याच अभिक्रियेची. (फळ्यावरचा खडू घेऊन कार्बोनेटचे प्रयोग करू नयेत. तो बहुधा जिप्समचा असतो. अंड्याचे कवच घ्यावे.)

सिमेंटचा हिशेब आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. भट्टीतून निघणाऱ्या सिमेंटच्या गोळ्यांत, म्हणजे क्लिंकरमध्ये, सुमारे ६५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते. वरच्याच प्रमाणाने ६५ गुणिले ४४ भागिले ५६ करा. उत्तर सुमारे ५१ येते. म्हणजे एक टन क्लिंकर बनताना केवळ रासायनिक क्रियेतून अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जळलेल्या कोळशाचा वायू वेगळाच. जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगाचे आहे, आणि सिमेंट उत्पादनात भारताचा क्रमांक चीनच्या खालोखाल लागतो. बेकर यांनी काम सुरू केले तेव्हा हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रांत नव्हता. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्या देशात इंधन अपुरे आहे त्या देशाने ते विनाकारण भट्टीत घालू नये.

कागदाची घडी आणि दोरीचे वर्तुळ

एक पोस्टकार्ड टेबलावर उभे करण्याचा प्रयत्न करा. ते पडेल. त्याला मध्ये एक घडी घाला किंवा वळसा द्या, ते उभे राहील. भिंतीचेही असेच आहे. सरळ रेषेत बांधलेली अर्ध्या विटेची लांब भिंत सहज कलंडते, म्हणून तिला जाडी द्यावी लागते किंवा ठरावीक अंतरावर खांब द्यावे लागतात. बेकर यांनी विकास अध्ययन केंद्राच्या परिसरात अर्ध्या विटेच्या नागमोडी भिंती बांधल्या. वळणानेच त्यांना तोल दिला.

त्यांच्या घरांचे आराखडेही पुष्कळदा गोलसर असत. याचे कारण भूमितीत आहे. ४० फूट लांबीची दोरी घ्या. तिचा चौरस केला तर बाजू १० फूट आणि क्षेत्रफळ १०० चौरस फूट. तिचेच वर्तुळ केले तर त्रिज्या सुमारे ६.३७ फूट आणि क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस फूट. भिंत तेवढीच, जागा सव्वापट! अर्थात चौकोनी पलंग आणि कपाट गोल खोलीत बसविणे ही निराळीच कसरत आहे. तरीही तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळील इंडियन कॉफी हाऊस ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भूमिती किती आनंददायी होऊ शकते हे ठाऊक असेल. विटांच्या गोल मनोऱ्यात एक चढण वळत वळत वर जाते आणि तिच्याच कडेने टेबले मांडलेली आहेत. प्रकाश आणि वारा भिंतीतील जाळीतून येतो.

ही जाळी बेकर यांची आवडती. खिडकी म्हटली की चौकट, झडपा, गज, काच, बिजागऱ्या आणि रंग आला. तेवढ्याच जागेच्या विटेच्या भिंतीपेक्षा तिचा खर्च कितीतरी पट. विटा अंतर सोडून रचल्या की उजेड, वारा आणि सुरक्षितता तिन्ही मिळतात आणि भिंतही होते. झडपेची खिडकी हवीच असेल तर त्यांनी एकच उभी फळी सुचविली. तिला वर आणि खाली एकेक खुंटी, खुंट्या भिंतीतील भोकांत, आणि फळी त्यांभोवती फिरते. चौकट नाही, बिजागरी नाही. विकास अध्ययन केंद्राच्या संगणक कक्षाला तर त्यांनी दुहेरी भिंत दिली. बाहेरची जाळीची आणि आतली नेहमीची. बाहेरची भिंत ऊन अडविते आणि मधली हवा वाहती राहते. तिरुवनंतपुरमजवळ पून्थुरा येथे त्यांनी कोळ्यांसाठी जी घरे बांधली त्यांच्या भिंतींतही अशीच छिद्रे आहेत. समुद्रावरचा वारा अडविण्याऐवजी त्याला वाट करून दिली आहे.

'स्वस्त' या शब्दाची अडचण

एवढे सारे शास्त्रशुद्ध असूनही ही पद्धत देशभर का पसरली नाही? याचे उत्तर विज्ञानात नाही, समाजात आहे. गिलावा न केलेली भिंत म्हणजे अर्धवट राहिलेले घर, मातीचे घर म्हणजे गरिबाचे घर, ही समजूत खोल रुजलेली आहे. सरकारी दरपत्रकांत आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत जे नाही ते मंजूर होणे कठीण. शिवाय जेथे बांधकामाच्या एकूण रकमेवर टक्केवारीने मोबदला ठरतो तेथे खर्च कमी करणाऱ्याचे उत्पन्नही कमी होते, ही साधी अंकगणिताची गोष्ट आहे.

बेकर यांना 'स्वल्पखर्ची घर' हा शब्द गरिबांपुरता वापरलेला आवडत नसे. काटकसर गरिबांना शिकविण्याची गरजच नसते. जो श्रीमंत आपल्या हौसेसाठी सिमेंट, पोलाद आणि संगमरवर ओततो तोच देशाच्या साठ्यातून अधिक उचलतो. म्हणून खर्च कमी करणे हे सर्व थरांचे काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक तपशिलापाशी ते एकच प्रश्न विचारीत: याची गरज आहे काय?

हाच प्रश्न त्यांनी स्वतःलाही लावला, आणि म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आले. तिरुवनंतपुरमच्या नालंचिरा भागात एका खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःचे घर बांधले. त्याचे नाव 'द हॅम्लेट', म्हणजे वाडी. उतार सपाट केला नाही. जुनी मोडकी दारे, टाकलेल्या लाकडी वस्तू, बाटल्या, फुटक्या चिनी मातीचे तुकडे जसजसे मिळत गेले तसतसे हे घर वाढत गेले. मोठे कार्यालय, मदतनिसांचा ताफा हे त्यांनी कधी ठेवले नाही. बांधकामाच्या जागी जाऊन, गवंड्यांबरोबर उभे राहून ते आराखडे बदलीत. १९८५ साली अच्युत मेनन, के. एन. राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्याबरोबर त्यांनी 'कॉस्टफोर्ड' ही संस्था स्थापन केली. 'मड', 'रबिश' यांसारख्या छोट्या पुस्तिका त्यांनी स्वतःच्या चित्रांसह लिहिल्या, त्या कोणाही साध्या माणसाला समजाव्यात म्हणून. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आक्षेप आणि मर्यादा

एखाद्या व्यक्तीच्या कार्याचा गौरव करताना तिच्या पद्धतीच्या मर्यादा झाकू नयेत. पहिला आक्षेप विटेवरच आहे. वीट भाजायला इंधन लागते आणि शेताची वरची सुपीक माती जाते. बेकर यांना याची जाणीव होती. विटा भाजण्यासाठी होणारी वृक्षतोड त्यांना अस्वस्थ करी आणि म्हणूनच पुढे ते न भाजलेल्या मातीच्या बांधकामाचा अधिकाधिक पुरस्कार करू लागले.

दुसरा आक्षेप असा की गिलावा नसलेल्या भिंतीला चांगली वीट, चांगला गवंडी आणि रुंद पागोळ्या लागतात. कोकणातल्या आडव्या पावसात यांपैकी एक जरी नसले तरी भिंत ओल धरते. सामानावरचा खर्च वाचतो, पण कुशल मजुरीवरचा वाढतो. बेकर यांच्या मते हा दोष नसून गुण होता, कारण पैसा कारखान्याकडे न जाता गावातल्या हातांना मिळतो. परंतु असे हात शिकविले नाहीत तर पद्धत टिकत नाही, हेही खरे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राने भोगला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्यू पावली. ती घरे पाच मैलांच्या आतल्या सामानाचीच होती. काळा दगड, माती, लाकूड आणि वर मातीचे जाड माळवद. मग गांधीजींचा सल्ला चुकला काय? तपासणीत दिसले ते असे. भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या, पण आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांशी बांधलेला नव्हता. आरपार जाणारे लांब दगड घातलेले नव्हते, मधे नुसता भराव होता. हादरा बसताच दोन्ही थर सुटले आणि वरचे जड माळवद खाली आले. म्हणजे दोष दगडाचा किंवा मातीचा नव्हता, जोडणीचा होता. भिंतीच्या आरपार थोड्या थोड्या अंतरावर दगड घालणे, भिंतीला सर्व बाजूंनी बांधणारा पट्टा देणे आणि छपराचा भार हलका ठेवणे, एवढ्याने अशा घरांची ताकद खूप वाढते हे सिद्ध झालेले आहे.

या दुर्घटनेनंतर मराठवाड्यात अनेकांच्या मनातून दगडमाती उतरली आणि सिमेंट म्हणजेच सुरक्षितता असे समीकरण बसले. ते समीकरणही अपुरे आहे. निकृष्ट काँक्रीटच्या इमारती २००१ च्या गुजरात भूकंपात कोसळल्या, अगदी अहमदाबादसारख्या शहरातही. सामान कोणतेही असो, त्याचे गुणधर्म जाणून न घेता वापरले तर ते घात करते. परंपरेत शहाणपण असते तसे विस्मरणही असते. किल्लारीत जे लांब दगड भिंतीत नव्हते ते आपल्याकडच्या कित्येक जुन्या बांधकामांत आहेत. पाच मैलांच्या नियमाला म्हणूनच एक पुरवणी जोडावी लागेल. सामान पाच मैलांतले असावे, पण ते जोडण्याचे ज्ञान मात्र जेथून मिळेल तेथून आणावे. बेकर यांनी प्रत्यक्षात हेच केले. वीट केरळची, रचना इंग्लंडची, काटकसर चीनमध्ये पाहिलेली आणि प्रश्न गांधीजींचा.

वर्गासाठी

आपल्या शाळेच्या इमारतीची अशी चौकशी विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. भिंतीत काय आहे, ते कोठून आले, किती मैलांवरून आले? वाळू कोणत्या नदीची? गावातील सर्वांत जुन्या घरात आणि सर्वांत नव्या घरात दुपारी दोन वाजता तापमान किती, आणि पहाटे किती? दोन साधे तापमापक आणि पंधरा दिवसांची नोंद यासाठी पुरे आहे. गावात चुन्याची घाणी चालविलेला किंवा कौलारू छप्पर शाकारणारा कोणी म्हातारा कारागीर असेल तर त्याची मुलाखत घ्यावी. हे ज्ञान लिहिलेले नाही, आणि त्या माणसाबरोबर ते जाते.

सर्वांत शेवटी बेकर यांचा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. शाळेत पुढच्या वर्षी जे काही नवे बांधले जाणार असेल, मग ती एक खोली असो, कुंपण असो की पाण्याच्या टाकीचा ओटा, त्यातील प्रत्येक गोष्टीपुढे विद्यार्थ्यांनी लिहावे: गरज आहे, किंवा गरज नाही, आणि का. या 'का'चे उत्तर कागदावर उतरले की पर्यावरण हा विषय पाठांतराचा राहणार नाही.